मांजराची सांधेदुखी: कोल्हापुरातल्या मांजरवाल्या घरांचे नेहमीचे प्रश्न

म्हाताऱ्या मांजराबद्दल विचारलं की कोल्हापुरात हमखास एकच उत्तर मिळतं, "आता वय झालं तिचं." माळ्यावर चढत नाही, वय झालं. अंग चाटत नाही, वय झालं. हात लावला की फिस्कारते, तेही वयामुळेच. मला हे उत्तर पटत नाही. यातल्या पुष्कळ मांजरांचे सांधे दुखत असतात आणि त्या दुखण्यावर इलाज आहे. मी पशुवैद्य नाही. घरातली आणि गल्लीतली मांजरं वर्षानुवर्षं सांभाळते, त्यामुळे लोक मला विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. औषधाची मात्रा मी कुठेही दिलेली नाही. ती मांजर तपासून डॉक्टरांनीच ठरवायची असते.

मांजरालाही सांधेदुखी होते? ही तर माणसांची, फार तर कुत्र्यांची तक्रार.

होते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त मांजरांना होते. अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसली. पुढे २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात सहा वर्षांवरच्या मांजरांमध्येही निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका सांध्यात बदल सापडले. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे प्रत्येकाला दुखतंच असं नाही. तरी आठ-दहा वर्षांच्या मांजराच्या बाबतीत ही शक्यता मनात ठेवूनच त्याच्याकडे बघावं.

होतं काय, तर हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, ते झिजतं. सांध्याला सूज येते, कडेने हाड वाढतं, हालचाल आखडते. मांजरात हे जास्त करून कोपर, खुबा, गुडघा, घोटा आणि कमरेचे मणके इथे आढळतं.

पण आमची मनी लंगडत नाही. मग दुखतंय कशावरून?

बहुतेक घरं इथेच फसतात. कुत्र्याचा एक पाय दुखला की ते लंगडतं आणि आपल्याला कळतं. मांजराच्या बाबतीत बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे एकदम दुखतात, दोन्ही कोपरं किंवा दोन्ही खुबे. मग लंगडणार तरी कोणत्या पायाने? त्यातून मांजर जितकं शिकारी तितकंच मोठ्या जनावराची शिकार होणारं. दुबळेपणा दाखवणं त्याला परवडत नाही. दुखलं की ते ओरडत नाही, ज्याने दुखतं ते करायचं सोडून देतं.

म्हणून मांजर काय करतंय यापेक्षा त्याने काय सोडलं ते बघा. पूर्वी ओट्यावर एका उडीत जायची, आता आधी स्टुलावर आणि मग ओट्यावर जाते का? उडी मारण्याआधी थांबून, मान वर-खाली करत अंदाज घेते का? उतरताना भिंतीला पुढचे पाय टेकवत, घसरत येते का? जिन्यात दोन पायऱ्यांनंतर बसते का? दाराशी येऊन स्वागत करायची, ते बंद झालं का?

आता हात लावून बघायच्या दोन गोष्टी. एक, पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत उलटा हात फिरवा. डोकं, छाती, पुढचे पाय तुकतुकीत आणि कमरेच्या मागे मात्र केसांच्या गाठी, कोंडा, तेलकट झुबके लागले, तर मान वळवून तिथवर चाटणं तिला जमत नाही असा अर्थ असू शकतो. दुसरी गोष्ट नखं. खोडाला किंवा पोत्याला नखं घासणंही बंद झालेलं असतं. नखं जाड होतात, वळतात आणि फरशीवर टिकटिक वाजायला लागतात. कधी वळलेलं नख तळपायाच्या गादीतच रुततं. म्हाताऱ्या मांजराचं प्रत्येक बोट दाबून नख बाहेर काढून बघाच.

तिचा स्वभावच चिडका झालाय. सुनेच्या मांडीवर बसायची, आता उचललं की चावते.

कुठे उचलल्यावर चावते ते नीट बघा. पोटाखाली हात घालून उचलताना कमरेवर आणि खुब्यांवर ताण येतो. एरवी शांत असलेलं मांजर फक्त उचलताना किंवा कमरेवर हात फिरवताना फिस्कारत असेल, तर तो स्वभाव नव्हे, दुखणं आहे. लहान मुलांना तिला उचलायला देऊ नका. मोठ्यांनीही एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली असं सगळं वजन पेलून उचलावं.

हे कशामुळे होतं? आमच्या हातून काही चुकलं का?

बहुतेक वेळा तुमच्याकडून काही चुकलेलं नसतं. वयोमानाने झीज होते. तरुणपणी गच्चीवरून पडलेलं किंवा गाडीखाली येता येता वाचलेलं मांजर वरवर बरं होतं, पण त्या सांध्यात पुढे दुखणं उपटू शकतं. वजन वाढलं की प्रत्येक उडीला सांध्यांवर भार पडतो. काही जातींत जन्मतःच दोष असतो. पर्शियन आणि मेन कून मांजरांत खुब्याचा सांधा सैल असण्याचं प्रमाण जास्त आहे. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डबद्दल तर स्पष्टच सांगते. ज्या जनुकामुळे तिचे कान दुमडतात, तेच जनुक अंगभर कूर्चा बिघडवतं, आणि काही मांजरांना पिल्लू असतानाच वेदना सुरू होतात. गोंडस दिसते म्हणून ही जात मागवू नका.

एक कारण मात्र आपल्या हातात असतं, ते म्हणजे रोजची कलेजी. चिकनच्या दुकानातून कलेजी स्वस्तात मिळते, मांजर आवडीने खातं, म्हणून कित्येक घरांत वर्षानुवर्षं तेवढंच घातलं जातं. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं. ते अंगात साठत गेलं की मानेच्या मणक्यांभोवती आणि कोपराजवळ हाड वाढतं, मणके एकमेकांना जोडले जातात आणि मान वळेनाशी होते. एकदा जोडलेलं हाड पुन्हा सुटत नाही. कलेजी अधूनमधून, चवीपुरती ठीक आहे. तिचं रोजचं जेवण करू नका.

डॉक्टरांकडे नेलं की ती टेबलावर दगडासारखी बसते. त्यांना कळणार कसं?

घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. यापेक्षा उपयोगी काही नाही. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाच्या संशोधकांनी मांजराचं सांधेदुखीचं दुखणं ओळखण्यासाठी सहा हालचालींची यादी केली आहे: उडी मारून वर चढणं, उडी मारून खाली उतरणं, जिना चढणं, जिना उतरणं, पळणं आणि हलत्या वस्तूचा पाठलाग करणं. या सहांचे छोटे छोटे व्हिडिओ घ्या. जुना, दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ मोबाईलमध्ये सापडला तर तोही न्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक लगेच उठून दिसतो.

डॉक्टर सांधे हलवून बघतात, मांडीचे स्नायू वाळलेत का ते चाचपतात, गरजेप्रमाणे एक्स-रे काढतात. एक्स-रेसाठी कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, त्याला घाबरू नका. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. खराब सांध्यांचं मांजर मजेत असतं, आणि एक्स-रे जवळजवळ साफ असलेल्याला खूप दुखतं. म्हणून कधी डॉक्टर थोडे दिवस वेदनाशामक देऊन बघतात. मांजर पुन्हा ओट्यावर चढू लागलं, तर आधी दुखत होतं हे सिद्धच झालं.

रक्त आणि लघवीची तपासणी टाळू नका. ज्या वयात सांधे झिजतात त्याच वयात मांजरांच्या किडन्याही मंदावतात, आणि कोणतं औषध झेपेल हे किडनीवरून ठरतं.

कोल्हापुरात मांजराला नीट बघणारे डॉक्टर कुठे शोधायचे?

आपला जिल्हा दूधदुभत्याचा. त्यामुळे पशुवैद्य म्हटलं की गाई-म्हशींचे, ही पद्धतच पडून गेली आहे. शहरात पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: मांजरं नेहमी तपासता का, आणि एक्स-रे व रक्ततपासणीची सोय आहे का. डॉक्टर गाई-म्हशींचे असले तरी बिघडत नाही, पण मांजराची औषधं वेगळी असतात हे त्यांना ठाऊक असायला हवं. अवघड केस असेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शिवाय पुण्या-मुंबईत मोठे दवाखाने आहेत. एवढ्या प्रवासाला नेण्याआधी मात्र इथल्या डॉक्टरांशी बोला.

घरात तापाची गोळी आहे. अर्धी दिली तर चालेल का?

नाही. अर्धी नाही, पाव नाही, दुधात विरघळवून नाही. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी पाठ करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे, कारण या गोळीने मांजरं मरतात, आणि ती देणारा माणूस मायेनेच देत असतो.

तापाच्या गोळीतलं पॅरासिटामॉल आपल्या यकृतात निर्धोक होऊन लघवीवाटे जातं. ते काम करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. मग गोळीचा विषारी भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे चार किलोच्या मांजराला किलोमागे ६० मिलिग्रॅमहून जास्त. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

गोळी पोटात गेली असेल किंवा तसा संशय असेल, तर लक्षणांची वाट बघत बसू नका. लक्षणं अशी: हिरड्या निळसर किंवा चॉकलेटी होणं, चेहरा आणि पंजे सुजणं, धाप लागणं, लाळ गळणं, मलूल पडणं. गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. पशुवैद्याकडे नसला तर माणसांच्या मोठ्या रुग्णालयाच्या औषध दुकानात मिळू शकतो, हे डॉक्टरांना सुचवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन, निमेसुलाइड, अंगदुखीच्या जोडगोळ्या हेही मांजराला द्यायचं नाही. शेजारच्या कुत्र्याला दिलेली गोळीसुद्धा नाही.

मग चालतं काय?

सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मेलॉक्सिकॅम. आपल्याकडे ते जनावरांच्या दवाखान्यात सहज मिळतं, त्यामागे गिधाडांचा मोठा वाटा आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम त्याच्या जागी पुढे आलं.

मांजरात ते गुणकारी आहे, पण फार जपून वापरायचं औषध आहे. युरोपात अगदी कमी मात्रेत दीर्घकाळ द्यायला परवानगी आहे. अमेरिकेत मात्र वारंवार दिल्यास किडनी निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा ठळक इशारा औषधावर छापलेला असतो. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायच्या. किडनीचा अहवाल पाहून, वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेली मात्राच द्यायची, तीही अन्नाबरोबर. ज्या दिवशी मांजर जेवलं नाही, उलटी झाली, जुलाब झाले किंवा शी काळी झाली, त्या दिवशी औषध द्यायचं नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा.

बाटली बघून घ्या. तोंडावाटे देण्याचं मांजरांसाठीचं द्रावण मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅमचं असतं, कुत्र्यांसाठीचं १.५ मिलिग्रॅमचं. दिसायला सारखं, ताकद तिप्पट. गाई-म्हशींच्या इंजेक्शनची बाटली तर बाजूलाच ठेवा.

किडनी कमजोर असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन नावाचं दुखणं कमी करणारं दुसरं औषध सुचवू शकतात. त्याने सुरुवातीला थोडी गुंगी येते, चालताना झोक जातो, ते बहुधा कमी होत जातं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. दवाखान्यात नेण्याआधी भीती कमी व्हावी म्हणूनही ते देतात. माणसांसाठीच्या गोड द्रावणात कोणते घटक आहेत ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

फ्रुनेव्हेटमॅब नावाचं महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शनही आहे. दुखण्याची जाणीव वाढवणाऱ्या प्रथिनालाच ते अडवतं. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे मिळण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी पळायला लागली. दर महिन्याला तेच घ्यावं का?

आधी विचारा ते कसलं होतं. एका रात्रीत पळायला लावणारं इंजेक्शन पुष्कळदा स्टिरॉइडचं असतं. त्याची कधी गरज असते, पण ते पुन्हा पुन्हा दिल्याने मांजराला मधुमेह होऊ शकतो. आणि स्टिरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅमसारखं औषध दिलं तर पोटात अल्सर होण्याचा मोठा धोका असतो. म्हणून इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तो कागद न्या. दवाखान्यात विचारायला संकोचू नका.

तेल लावून चोळलं तर? बाम? हळद?

बाम नको. बाममधला कापूर, नीलगिरीचं आणि विंटरग्रीनचं तेल मांजराला विषारी आहे. अंगाला लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं. त्याच कारणाने औषधी तेलंही नकोत. कोरड्या हाताने, तिला आवडत असेल तर, मानेपासून कमरेपर्यंत हलकं चोळावं. नको म्हणाली की थांबावं.

हळदीने मांजराचे सांधे सुधारतात असा भरवशाचा पुरावा नाही. हळद-दूध तर नकोच.

खाण्यात काय बदलायचं? आमच्याकडे ती सगळं खाते.

आधी वजन. आपल्याकडच्या साध्या देशी मांजराचं वजन साधारण साडेतीन ते पाच किलो असावं. अंगावर अर्धा किलो जास्त चढला तरी चार-पाच किलोच्या जनावराला तो दहावा हिस्सा होतो. बरगड्यांवर हलका हात फिरवून बघा. त्या हाताला लागायला हव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. वजन करायला वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग तिला कडेवर घेऊन. त्यापेक्षा बारीक फरक कळायला ओळखीच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बरा. पिशवीसकट तिला ठेवा आणि पिशवीचं वजन वजा करा.

वजन उतरवायचं तर फार हळू, आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून जास्त नाही. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी यकृतात साचून जीवावर बेतू शकतं. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

आता आपल्या घरातलं. रविवारी मटण शिजलं की मांजरासाठी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, बाजूला काढायची पद्धत आहे. तांबडा-पांढरा रस्सा तिखट असतो, अळणी तरी पौष्टिक, असं वाटतं. पण अळणीतही कांदा, लसूण, आलं, मीठ असतं. कांदा आणि लसूण मांजराच्या लाल पेशी फोडतात, शिजवल्यानेही तो दोष जात नाही. तिला द्यायचंच तर फोडणी पडण्याआधी मटणाचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे शिजवा. हाडं देऊ नका.

दुधाचं सांगणं लोकांना रुचत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन मोठी झालेली माणसं आपण, मांजराला दूध नको हे पटवायला वेळ लागतो. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आणि म्हशीच्या दुधाची साय म्हणजे नुसती चरबी, ती सांध्यांवरच चढते.

मासे चालतील. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-३ असतं. उकडून, काटे काढून, मीठ न घालता, आठवड्यातून एखाद्या वेळी. रोज फक्त मासे घातले तर वेगळे त्रास होतात. सुकटीत मीठ असतं.

सांध्यांसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनचा उपयोग होतो का?

फारसा सिद्ध झालेला नाही. नुकसानही क्वचितच करतं. पैसे मोजकेच असतील तर ते रक्ततपासणीवर आणि औषधावर खर्च करा. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त भरवशाचं आहे. ते मिळतं त्या खास आहारावर केलेल्या प्रयोगात मांजरांची हालचाल वाढल्याचं दिसलं. पण माशाचं तेल वेगळं आणि कॉड लिव्हर ऑइल वेगळं. दुसऱ्यात कलेजीसारखंच अ जीवनसत्त्व जास्त असतं, ते देऊ नका.

घरात काय फेरफार करू?

औषधाइतकंच याला महत्त्व आहे, आणि खर्च जवळजवळ शून्य.

तिची आवडती जागा आठवा. खिडकीतला कठडा असेल, टीव्हीशेजारचं कपाट असेल, जुन्या घरात सोप्यावरचा झोपाळा असेल. ती जागा तिच्याकडून हिरावू नका, तिथवर जायची पायवाट करून द्या. एकाच मोठ्या उडीऐवजी दोन-तीन छोट्या पायऱ्या. जुन्या पुस्तकांचे गठ्ठे दोरीने घट्ट बांधून, प्लास्टिकचं क्रेट उलटं करून, लाकडी पाट एकमेकांवर ठेवून हे होतं. पायरी हलता कामा नये. एकदा डुगडुगली की मांजर पुन्हा पाय ठेवत नाही. वर गोणपाट चिकटवा, नखं रुतून पकड मिळते. खाली उतरायच्या ठिकाणी जाड सतरंजी किंवा उशी टाका, कारण उडी मारून उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर आणि कोपरांवर पडतो.

फरशी हा मोठा त्रास आहे. नव्या घरांतल्या चकचकीत टाइल्सवर अशक्त मांजराचे मागचे पाय फाकतात. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या आणि शू-शीच्या ट्रेपर्यंत चटयांची पट्टी टाकून द्या. पाणी, अन्न आणि ट्रे तिन्ही एकाच मजल्यावर असू द्या. भांडी वीतभर उंच पाटावर ठेवा, म्हणजे मान आणि कोपरं वाकवावी लागत नाहीत.

अंथरूण मऊ आणि उबदार हवं, वाऱ्याच्या झोतात नको. घोंगडी असेल तर घडी करून त्यावर जुनं सुती लुगडं टाका. घोंगडीची ऊब टिकते आणि सुती कापड धुता येतं.

ट्रेच्या बाहेर शू करते. मुद्दाम करते का?

मुद्दाम नाही. ट्रेची कड उंच असली तर पाय उचलून आत जाणंच दुखतं. एका बाजूची कड कापून चार-पाच सेंटिमीटरवर आणा, धारदार कडेला चिकटपट्टी लावा. आत भुसा किंवा बारीक वाळू असावी, टोचणारी खडी नको. बाहेर परड्यात जायची सवय असेल तर म्हातारपणी घरातही एक ट्रे द्या. पण बोका वारंवार बसतोय आणि शू थेंब थेंब होतेय किंवा होतच नाहीये, तर तो सांधेदुखीचा विषय नव्हे. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नखं आम्ही कापली तर चालतील?

चालतील, दोन-तीन आठवड्यांनी. फक्त टोकाचा पारदर्शक भाग कापा, आतला गुलाबी भाग जिवंत असतो. एका बैठकीत चारही पाय झालेच पाहिजेत असं नाही.

पावसाळ्यात जास्त दुखतं का?

पावसामुळे सांधे झिजत नाहीत. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे घरं ओली, गार असतात, मांजर दिवसभर एका जागी गोळा होऊन पडतं आणि उठताना जास्त आखडलेलं दिसतं. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका बाजूला ठेवा. नको वाटलं तर तिला बाजूला होता आलं पाहिजे. विजेच्या पॅडवर झोपवू नका, भाजतं.

तिला खेळवावं की विश्रांती द्यावी?

खेळवावं, पण थोडं थोडं. दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं, जमिनीलगत. दोरीला चिंधी बांधून हळू ओढा, उड्या मारायला लावू नका. पूर्ण विश्रांतीने स्नायू वाळतात आणि सांध्यांना आधार राहत नाही.

सकाळी उठून बघितलं तर मागचे दोन्ही पाय एकदम गेलेत आणि ती ओरडतेय. सांधेदुखी वाढली का?

नाही. सांधेदुखी अशी रात्रीत येत नाही. मागचे पंजे गार आहेत का, तळपायाच्या गादीचा रंग फिका किंवा निळसर पडलाय का ते बघा. हृदयात तयार झालेली रक्ताची गाठ मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकली की असं होतं. वेदना प्रचंड असते. एक क्षण न घालवता निघा. पाय चोळू नका, शेकू नका.

बरी होईल का?

झिजलेली कूर्चा परत येत नाही. दुखणं मात्र पुष्कळ कमी होतं, आणि मांजर पुन्हा खिडकीत बसतं, अंग चाटतं, मांडीवर येतं. औषध सुरू करण्याआधी तिने सोडलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा आणि महिन्याने तपासा. काहीच परतलं नसेल तर डॉक्टरांना औषध बदलायला सांगा. सगळं करूनही ती खात नसेल, ट्रेपर्यंत पोचत नसेल, कुणाला जवळ येऊ देत नसेल, तर पुढचं बोलणंही डॉक्टरांशीच, स्पष्टपणे करावं. ते बोलणं टाळून तिचे हाल वाढवणं योग्य नाही.

गल्लीतलं मांजर आहे, घरात येत नाही. त्याचं काय?

त्याला रोज ठराविक वेळी, ठराविक जागी जेवण द्या. म्हणजे त्याच्यात झालेला बदल कळतो आणि औषध द्यावं लागलं तर अन्नातून जातं. औषध घातलेला घास त्यानेच खाल्ला हे समोर उभं राहून बघा, दुसऱ्या मांजराने खायला नको. चढायला न लागणारा, पावसापासून आडोसा असलेला खोका जिन्याखाली ठेवलात तरी खूप झालं.

पुरात घर सोडावं लागलं तर?

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शाहूपुरी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर भागातल्या लोकांना हे सांगायला नको. तरुण मांजर पाणी चढलं की छपरावर जातं. सांधे दुखणाऱ्या मांजराला ते जमत नाही, आणि घाबरून ते पलंगाखाली किंवा कपाटामागे शिरतं, म्हणजे पाणी पहिलं येतं तिथेच. म्हणून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की तिला एका खोलीत घ्या. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबू नका.

प्रवासाचा पिंजरा वरून उघडणारा घ्या, म्हणजे ओढून बाहेर काढावं लागत नाही. जूनपासूनच तो उघडा ठेवून आत तिचंच अंथरूण घाला आणि जेवणही तिथेच द्या, त्या दिवशी पकडापकडी होणार नाही. बरोबर आठवड्याचं औषध, मात्रा मोजायची सिरिंज, वजन आणि औषधांची नावं लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ट्रेसाठी थोडा भुसा. निवारा केंद्रात पिंजरा जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवा आणि वरून चादर टाका. औषधाचा एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचीच मात्रा द्या.